सस्तन प्राण्यांच्या भ्रूणावस्थेतील हृदयस्नायूची जडणघडण : एक विवेचन

सारांश :
सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात सर्वप्रथम कार्यरत होणारे इंद्रिय म्हणजे हृदय होय. प्रस्तुत लेखात हृदयस्नायूच्या पेशी कोठून येतात, त्यांना हृदयपेशी होण्याची सूचना कशी मिळते, त्या स्पंदन केव्हा सुरू करतात आणि जन्मानंतर त्यांची वाढ का थांबते, याचे विवेचन केले आहे. या घडामोडींचा क्रम समजल्यास जन्मजात हृदयदोषांची कारणे, त्यांचा प्रतिबंध आणि मूलपेशींवरील संशोधन या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : भ्रूणविज्ञान, हृदयस्नायू, मध्यस्तर, विभेदन, मूलपेशी, जन्मजात हृदयदोष.

प्रस्तावना :
नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोन्ही विद्याशाखांचे विद्यार्थी शिक्षण घेतात. गर्भाची वाढ हा विषय दोघांच्याही अभ्यासक्रमात आहे. आयुर्वेदाचा विद्यार्थी सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असे वाचतो की, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्यामुळे गर्भवतीला दोन हृदयांची स्त्री म्हटले जाते. तिच्या इच्छांना तेथे ‘दौहृद’ असे नाव आहे. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द ज्या ‘दोहद’ शब्दापासून आला, त्याचा संबंधही परंपरेने याच कल्पनेशी जोडला जातो. आधुनिक वैद्यकाचा विद्यार्थी मात्र असे शिकतो की, मानवी भ्रूणाचे हृदय फलनानंतर सुमारे २२ व्या दिवशी स्पंदन पावू लागते.

या दोन विधानांमध्ये सुमारे तीन महिन्यांचे अंतर आहे. सूक्ष्मदर्शकाचा शोध लागण्यापूर्वीच्या काळात गर्भाचे हृदय केव्हा व्यक्त होते, एवढेच पाहता येणे शक्य होते. ते घडते केव्हा, हा वेगळा प्रश्न आहे व त्याचे उत्तर गेल्या काही दशकांत प्रामुख्याने उंदराच्या भ्रूणावरील प्रयोगांतून मिळाले आहे. हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. ज्या काळात हृदय घडते, त्या काळात अनेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत याची कल्पनाही नसते.

काळगणनेचा प्रश्न :
भ्रूणाचे वय दोन प्रकारे मोजले जाते. भ्रूणवैज्ञानिक ते फलनाच्या दिवसापासून मोजतात, तर प्रसूतितज्ज्ञ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. या दोन्हींत साधारणपणे दोन आठवड्यांचा फरक पडतो. अठ्ठावीस दिवसांचे नियमित चक्र गृहीत धरले, तर पाळी चुकते त्या दिवशी भ्रूणाचे खरे वय सुमारे १४ दिवस असते. त्यानंतर एक-दोन दिवसांतच हृदयपेशींच्या पूर्वज पेशी आपल्या जागेकडे सरकू लागतात आणि पाळी जेमतेम आठवडाभर लांबलेली असताना पहिले स्पंदन सुरू झालेले असते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस चार कप्प्यांच्या हृदयाची मुख्य रचना पूर्ण होते. प्रस्तुत लेखात यापुढे सर्व वये फलनापासून मोजली आहेत.

कोंबडीच्या अंड्यापासून उंदरापर्यंत :
प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या भ्रूणांच्या काचपट्ट्या विद्यार्थ्यांना दाखवल्या जातात. त्यांपैकी ३३ तासांच्या पट्टीवर सरळ नलिकेसारखे हृदय एका बाजूस किंचित फुगलेले दिसते. जिवंत अंड्यात साधारण याच सुमारास स्पंदनास आरंभ होतो. कवचाला खिडकी पाडून भ्रूण पाहता येतो, म्हणून हृदयाच्या वाढीचे प्रारंभिक ज्ञान कोंबडीच्या भ्रूणापासूनच मिळाले.

महाराष्ट्रात या अभ्यासाची परंपरा पुण्यात रुजली. डॉ. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरो येथे सी. एच. वॉडिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली कोंबडीच्या भ्रूणावर संशोधन केले आणि भारतात परतल्यावर पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रायोगिक भ्रूणविज्ञानाचा पाया घातला. डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये विकसित केलेल्या पद्धतीने कोंबडीचा भ्रूण कवचाबाहेर काचपात्रात वाढवता येतो. अशा पद्धतींमुळे भ्रूणाचा विशिष्ट भाग काढल्यास किंवा दुसरीकडे बसवल्यास काय होते, याची परीक्षा घेता येऊ लागली.

सस्तन प्राण्यांचा भ्रूण मात्र मातेच्या गर्भाशयात दडलेला असतो. त्याच्या अभ्यासासाठी उंदराची निवड झाली, कारण त्याचा गर्भकाळ अवघा १९ ते २० दिवसांचा असतो आणि एखादे जनुक निष्क्रिय करून त्याचा परिणाम पाहता येतो. उंदीर आणि मानव यांच्यात टप्प्यांचा क्रम सारखा आहे, वेग मात्र वेगळा आहे. हृदयाची सरळ नलिका उंदरात सुमारे ८ व्या दिवशी, तर मानवात सुमारे २१ व्या दिवशी तयार होते. कप्प्यांची विभागणी उंदरात सुमारे साडेचौदाव्या दिवशी, तर मानवात सातव्या-आठव्या आठवड्यात पूर्ण होते.

मध्यस्तरातून हृदयक्षेत्राची निर्मिती :
दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मानवी भ्रूण ही एक चपटी तबकडी असते. तिच्या मागील बाजूस एक उभी खाच उमटते. तिला आद्यरेषा म्हणतात. पृष्ठभागावरील पेशी या रेषेकडे येतात, खाचेतून आत उतरतात आणि पसरतात. त्यातून बाह्यस्तर, मध्यस्तर व अंतःस्तर असे तीन स्तर तयार होतात. हृदयस्नायू हा मध्यस्तराचा वंशज होय.

आद्यरेषेतून सर्वात आधी आत शिरणाऱ्या मध्यस्तर-पेशींमध्ये हृदयाच्या पूर्वज पेशींचा समावेश असतो. आत उतरताना त्यांच्यात ‘मेस्प-१’ हे जनुक काही काळ कार्यरत होते. त्या डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंनी भ्रूणाच्या पुढील टोकाकडे जातात आणि तेथे अर्धचंद्राच्या आकारात मांडल्या जातात. या रचनेस हृदयचंद्रकोर म्हणता येईल. ज्या उंदरांत मेस्प-१ जनुक निष्क्रिय केले गेले, त्यांच्यात या पेशींचे स्थलांतर बिघडले. दोन्ही बाजूंचे भाग मध्यरेषेवर एकत्र आले नाहीत आणि दोन वेगवेगळ्या हृदयनलिका तयार झाल्या. हृदय मुळात दोन अर्धकांच्या मीलनातून घडते, हे या प्रयोगावरून स्पष्ट होते.

सूचनांची भाषा :
मध्यस्तरातील सर्वच पेशी हृदयपेशी होत नाहीत. त्यांपैकी कोणी हृदय व्हायचे, हे शेजारच्या पेशींकडून मिळणाऱ्या रासायनिक सूचनांवर अवलंबून असते. हृदयचंद्रकोरीलगतच्या अंतःस्तरातून तसेच आसपासच्या ऊतींमधून ‘बीएमपी’ आणि ‘एफजीएफ’ या गटांतील प्रथिने स्रवतात व हृदयपेशी होण्यास उत्तेजन देतात.

‘डब्ल्यूएनटी’ या तिसऱ्या गटाची भूमिका अधिक लक्षणीय आहे. मध्यस्तर तयार होताना ही सूचना आवश्यक असते. परंतु मध्यस्तर तयार झाल्यावर तीच सूचना चालू राहिली, तर पेशी हृदयाच्या मार्गाला लागत नाहीत. म्हणून नंतरच्या टप्प्यात तिला रोखणारी प्रथिने कार्यरत व्हावी लागतात. एकच सूचना आधी उपकारक आणि नंतर अपायकारक ठरते. भ्रूणाच्या वाढीत ‘काय’ याइतकेच ‘केव्हा’ यालाही महत्त्व असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सूचना मिळाल्यावर पेशीच्या केंद्रकात काही नियंत्रक जनुके कार्यरत होतात. यातील पहिला महत्त्वाचा धागा फळमाशीत सापडला. तिच्यातील एक जनुक नसल्यास हृदय तयारच होत नाही, हे रॉल्फ बोडमर यांनी १९९३ मध्ये दाखवले. हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसाच्या कथेतील पात्रावरून त्या जनुकाला ‘टिनमॅन’ असे नाव पडले. सस्तन प्राण्यांतील त्याचा आप्त म्हणजे ‘एनकेएक्स २-५’ होय. मात्र उंदरात हे जनुक निष्क्रिय केले असता हृदयाची नलिका तयार होते, स्पंदनही पावते; परंतु पुढे तिला योग्य वळण मिळत नाही आणि भ्रूण दगावतो. याचा अर्थ, सस्तन प्राण्यांत ही जबाबदारी एका जनुकावर नसून ‘गाटा-४’, ‘टीबीएक्स-५’, ‘मेफ-२-सी’ अशा अनेक जनुकांनी ती वाटून घेतलेली आहे.

ही वाटणी असूनही एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी मानवात दोष उद्भवू शकतो. टीबीएक्स-५ मधील उत्परिवर्तनामुळे हाताची हाडे आणि हृदयाचे पटल या दोहोंत एकाच वेळी व्यंग आढळते, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. हात आणि हृदय या दूरच्या वाटणाऱ्या अवयवांच्या घडणीत तेच जनुक वापरले जाते, हे त्याचे कारण आहे.

नलिका आणि पहिले स्पंदन :
भ्रूणाची तबकडी कडांकडून दुमडू लागते, तसे चंद्रकोरीचे दोन्ही भाग मध्यरेषेवर येऊन एकरूप होतात. त्यातून तयार होणाऱ्या नलिकेत आतून पातळ अस्तर, मध्ये जेलीसारखा थर आणि बाहेरून हृदयस्नायूचा थर अशी रचना असते. याच काळात हृदयपेशींच्या आत ॲक्टिन, मायोसिन, टायटिन, ट्रोपोनिन इत्यादी प्रथिनांची सुबक मांडणी होऊ लागते. आकुंचनाचे मूलभूत एकक असलेल्या या मांडणीस सार्कोमिअर म्हणतात.

येथे हृदयस्नायू आणि हातापायांचे स्नायू यांतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. हातापायांच्या स्नायूत अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक लांब तंतू बनतो. हृदयपेशी मात्र स्वतंत्र राहतात आणि टोकाशी एकमेकींना घट्ट जोडल्या जातात. या सांध्यांतील सूक्ष्म मार्गांतून विद्युतभारित कण एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातात, म्हणून असंख्य पेशी एका लयीत आकुंचन पावतात.

ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, उंदराच्या भ्रूणात नलिका पूर्ण होण्याआधी, चंद्रकोरीच्या अवस्थेतच स्पंदनास आरंभ होतो. त्याही आधी काही पेशींत कॅल्शियमच्या पातळीत एकेकट्याने चढउतार होत असतात. पुढे ते एकमेकांशी जुळतात आणि मग आकुंचन दिसू लागते. या वेळी भ्रूण इतका लहान असतो की, त्याची प्राणवायूची गरज केवळ विसरणानेही भागू शकते. तरीही हे स्पंदन निरर्थक नसते. त्यामुळे निर्माण होणारा ताण आणि पुढे सुरू होणारा रक्तप्रवाह हे स्वतःच हृदयाला आकार देण्यास मदत करतात. घर बांधून झाल्यावर राहावयास जावे, तसे हृदयाचे नाही. ते काम करीत असतानाच बांधले जाते.

दुसरे हृदयक्षेत्र :
सुरुवातीच्या सरळ नलिकेतच भावी हृदयाचे सर्व भाग क्रमाने मांडलेले असतात, असा समज विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रचलित होता. २००१ मध्ये कोंबडी व उंदीर यांच्यावर काम करणाऱ्या तीन संशोधक गटांनी तो बदलला. नलिकेच्या मागे व मध्यभागी असलेल्या आणखी एका पेशीसमूहातून नवनव्या पेशी तिच्या दोन्ही टोकांना येऊन मिळतात, असे त्यांना आढळले. यास दुसरे हृदयक्षेत्र म्हणतात.

पहिल्या क्षेत्रातून प्रामुख्याने डावे निलय तयार होते. उजवे निलय, रक्त बाहेर नेणारा मार्ग आणि अलिंदांचा बराचसा भाग दुसऱ्या क्षेत्रातून येतो. टोकांना भर पडत असल्याने नलिका लांबते, तिला जागा पुरत नाही आणि ती उजवीकडे वळसा घेते. मानवात हे सुमारे २३ ते २८ व्या दिवसांत घडते. दुसऱ्या क्षेत्रातील पेशी कमी पडल्या किंवा उशिरा पोहोचल्या, तर बहिर्वाही मार्ग आखूड राहतो. महाधमनी व फुप्फुसधमनी यांची जागा चुकणे, निलयांमधील पटलात छिद्र राहणे अशा अनेक दोषांचे मूळ येथे असते.

भिंतीची जडणघडण आणि जन्मानंतरचा विराम :
वळसा पूर्ण होत असताना निलयाची भिंत अवघ्या एक-दोन पेशींइतकी जाड असते. आतील अस्तरातून स्रवणाऱ्या ‘न्यूरेग्युलिन’ प्रथिनाच्या प्रभावाने स्नायुपेशी आतल्या बाजूस बोटांसारख्या वाढतात आणि भिंतीला जाळीदार स्वरूप येते. हृदयाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेल्या या काळात जाळीतून खेळणारे रक्तच पेशींना पोषण देते. नंतर बाहेरील आवरण तयार होते, त्याच्या मदतीने हृदयधमन्या आकारास येतात आणि भिंतीचा बाहेरचा थर घट्ट व जाड होतो.

गर्भावस्थेत हृदयस्नायू पेशींची संख्या वाढवून मोठा होतो. जन्मानंतर हा मार्ग बदलतो. बालक श्वास घेऊ लागते, प्राणवायूचे प्रमाण वाढते, पेशी ऊर्जेसाठी शर्करेऐवजी मुख्यतः मेदाम्लांवर अवलंबून राहू लागतात, तंतुकणिकांची संख्या वाढते आणि पेशीविभाजन जवळजवळ थांबते. पुढील वाढ पेशींच्या आकारात होते. एक दिवसाच्या उंदराच्या पिलाच्या हृदयाचे टोक कापल्यास ते पुन्हा भरून येते. सात दिवसांच्या पिलात मात्र तेथे केवळ व्रण राहतो, असे २०११ मध्ये दाखवण्यात आले.

मानवाविषयीचा पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. १९६३ पूर्वीच्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते. पेशींच्या डीएनएमधील या कार्बनवरून त्यांचे वय काढता येते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये या पद्धतीने असा निष्कर्ष काढला की, पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का आणि पंचाहत्तरीत सुमारे ०.४५ टक्के हृदयपेशी नव्याने तयार होतात. म्हणजेच संपूर्ण आयुष्यात निम्म्याहून कमी पेशी बदलल्या जातात. हृदयविकाराच्या झटक्यात गमावलेला स्नायू परत का मिळत नाही, याचे उत्तर येथे आहे.

परळच्या प्रयोगशाळेतील पुनरावृत्ती :
गमावलेला स्नायू नव्याने घडवायचा, तर भ्रूणातील क्रमाचेच अनुकरण करावे लागते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भरतिया यांच्या गटाने मानवी भ्रूणीय मूलपेशींचे ‘काइंड-१’ व ‘काइंड-२’ हे दोन वाण विकसित केले. त्याविषयीचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ मध्ये याच गटाने काइंड-२ पासून हृदय व रक्तवाहिन्यांच्या पूर्वज पेशी मिळवल्याचे प्रसिद्ध केले. या पूर्वज पेशींपासून हृदयस्नायू, रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि त्यांच्या भिंतीतील स्नायू अशा तीन प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात.

जगभरात आज अशा पेशी तयार करण्याची प्रचलित पद्धत म्हणजे आधी डब्ल्यूएनटी सूचना चालू करणे आणि काही दिवसांनी ती रोखणे. भ्रूणात निसर्ग जे करतो, तेच येथे काचपात्रात केले जाते. जपानमध्ये ओसाका येथे २०२० च्या जानेवारीत मूलपेशींपासून तयार केलेल्या हृदयस्नायूचे पातळ पापुद्रे प्रथमच रुग्णाच्या हृदयावर बसवण्यात आले. तथापि काचपात्रातील हृदयपेशी दिसण्यात आणि वागण्यात गर्भातील पेशींसारख्याच राहतात, त्यांना प्रौढत्व सहज येत नाही. जन्माच्या सुमारास होणारा बदल प्रयोगशाळेत कसा घडवायचा, हा या क्षेत्रातील प्रमुख प्रश्न आहे.

सामाजिक व शैक्षणिक महत्त्व :
दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बालकांना जन्मजात हृदयदोष असतो. त्यांपैकी सर्वच दोष टाळता येत नाहीत. परंतु काहींची कारणे ज्ञात आहेत. गर्भधारणेपूर्वीपासून असलेला व नियंत्रणात नसलेला मधुमेह हा धोका काही पटींनी वाढवतो. गर्भारपणाच्या सुरुवातीस झालेला रुबेला संसर्ग हृदयावर परिणाम करतो. त्याचा गर्भातील व्यंगांशी असलेला संबंध ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच दाखवला होता. तीव्र मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध हृदयाच्या बहिर्वाही मार्गाच्या घडणीत अडथळा आणते. जवळच्या नात्यातील विवाहांतही जोखीम वाढल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

या सर्व बाबतींत काळाचा क्रम निर्णायक ठरतो. गर्भधारणेची खात्री करून डॉक्टरांकडे पहिली भेट होते, तोपर्यंत हृदयाची नलिका वळलेली असते. म्हणून रुबेलाची लस गर्भधारणेपूर्वीच घ्यावी लागते. गर्भारपणात ती दिली जात नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेत ९ महिने ते १५ वर्षे वयोगटाचा समावेश होता. त्याहून मोठ्या मुली त्या मोहिमेच्या कक्षेत नव्हत्या. मधुमेहाचे नियंत्रण आणि औषधांविषयीची दक्षता यांनाही हेच तत्त्व लागू पडते. दोष असलेल्या बालकांची लवकर ओळख पटावी, यासाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयविकाराचा अंतर्भाव आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु तो कार्यक्रम जन्मानंतरचा आहे. जन्मापूर्वीच्या आणि गर्भधारणेपूर्वीच्या जाणिवेची जबाबदारी मोठ्या प्रमाणात शिक्षणावर येते.

निष्कर्ष :
१. हृदयस्नायू मध्यस्तरातील दोन क्षेत्रांतून घडतो व त्याची मुख्य रचना मानवात आठव्या आठवड्याअखेर पूर्ण होते.
२. त्याच्या घडणीत सूचनांचा प्रकार आणि त्यांची वेळ या दोन्हींना सारखेच महत्त्व आहे.
३. जन्मानंतर हृदयपेशींचे विभाजन जवळजवळ थांबत असल्याने भ्रूणावस्थेत व गर्भावस्थेत मिळालेली पेशींची ठेव आयुष्यभर पुरवावी लागते.
४. जन्मजात हृदयदोषांच्या प्रतिबंधाचा योग्य काळ गर्भधारणेपूर्वीचा आहे.

समारोप :
अनेक मराठी घरांत डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते. त्या दिवशी ज्या दुसऱ्या हृदयाचे कौतुक होते, ते तोवर कित्येक महिने अखंड काम करीत आलेले असते. महाविद्यालयात ३३ तासांच्या कोंबडीच्या भ्रूणाची काचपट्टी दाखवताना तिच्याशेजारी मानवी भ्रूणाची दिनदर्शिका मांडली आणि पाळी चुकल्याचा दिवस तिच्यावर खुणेने दाखवला, तर विद्यार्थ्यांना, विशेषतः विद्यार्थिनींना, या विषयाचा आपल्या जीवनाशी असलेला संबंध सहज उमगेल. त्यासाठी नव्या उपकरणाची अथवा निधीची आवश्यकता नाही. एका तासिकेतील दहा मिनिटे पुरेशी आहेत.